पोलीस पर्यवेक्षकांचा नेतृत्व वर्ग: तीन दिवसांत काय घ्यावे, काय सोडावे

प्रश्न असा आहे: ठाणे आयुक्तालयात नव्याने रुजू झालेले उपनिरीक्षक आणि बढतीने वर आलेले सहायक उपनिरीक्षक यांच्यासाठी तीन दिवसांचा नेतृत्व प्रशिक्षण वर्ग लावायचा आहे. आधीचे वर्ग व्याख्यानांवर गेले. लोक परत जाऊन पूर्वीसारखेच काम करू लागले. वर्गाची आखणी कशी करावी?

‘नेता कोणाला म्हणावे’ हा विषय वेळापत्रकातून काढून टाका. पोलीस ठाण्यातल्या पर्यवेक्षकाचे नेतृत्व चार कागदांवर दिसते: ड्युटी वाटप, बंदोबस्ताच्या सूचनांचे टिपण, स्टेशन डायरीतली (ठाण्याच्या रोजच्या घडामोडींच्या वहीतली) नोंद आणि कसुरी अहवाल, म्हणजे हाताखालच्याच्या चुकीबद्दल वरिष्ठांना पाठवायचा कागद. आणि दोन वेळा ते उघडे पडते. एक, हाताखालचा माणूस डोळ्यांदेखत चूक करत असताना. दुसरी, बंदोबस्त उठल्यावर. तीन दिवस याच सहा गोष्टींना द्या. कवायत आणि कायद्याबरोबर वृत्ती व वर्तनावरही भर हवा, हे डॉ. एम. एस. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस प्रशिक्षण समितीने १९७३ सालीच मांडले होते. पण वर्तन भाषणाने बदलत नाही. ते करून दाखवायला लावावे लागते, आणि चुकले की लगेच पुन्हा करायला लावावे लागते.

तुकडी २४ जणांची ठेवा, सहा-सहाचे चार गट करा. त्याहून मोठी तुकडी घेतली की प्रत्येकाला एकदासुद्धा उभे राहून सूचना देण्याची पाळी येत नाही, आणि ज्याला ती आली नाही तो वर्गात फक्त बसून गेला. प्रत्येक गटात दोन्ही प्रकारचे लोक मिसळा. एक, लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन नाशिकच्या पोलीस प्रबोधिनीतून आलेला २६-२७ वर्षांचा उपनिरीक्षक. दुसरा, वीस-पंचवीस वर्षे हवालदारकी करून वर आलेला. दोघांच्या अडचणी उलट्या असतात. पहिल्याला कलमे तोंडपाठ, पण वयाने वडीलधाऱ्या हवालदाराला काम सांगताना एक तर तो अजीजी करतो, नाहीतर एकेरीवर येतो. दुसऱ्याला माणसे आणि गल्ल्या माहीत, पण कालपर्यंत सोबत चहा घेणाऱ्याला आज नकार देता येत नाही आणि लेखी निर्णय घेताना हात थबकतो. एका गटात बसले की एकमेकांची उणीव ते स्वतःच भरून काढतात. मात्र एकाच पोलीस ठाण्याचे दोघे एका गटात नकोत. आणि वरिष्ठ निरीक्षक मागच्या बाकावरही नकोत. ते बसले की कोणी खरे बोलत नाही.

तीन दिवस सलग घेऊ नका. दोन दिवस वर्ग, मग सहा आठवडे आपापल्या ठाण्यात काम, मग तिसरा दिवस. तारखा ठरवताना दहीहंडीपासून नवरात्र संपेपर्यंतचा काळ टाळा. टेंभी नाक्याची हंडी, विसर्जन आणि पुन्हा टेंभी नाक्याची देवी या दिवसांत आयुक्तालयातून २४ पर्यवेक्षक सुटणे अशक्य. सर्वसाधारण बदल्या आटोपल्यावरचा जून-जुलै सोयीचा, कारण माणूस त्याच खुर्चीवर काही महिने राहणार असतो. त्यातही आषाढी एकादशी आणि मोहरम कधी येतात ते पाहून घ्या. वर्गाचे दोन्ही दिवस ड्युटी म्हणून आदेशात लिहून घ्या, साप्ताहिक सुट्टी त्यात खाऊ नका, आणि आदल्या रात्री रात्रपाळी केलेला एकही माणूस स्वीकारू नका. हा शेवटचा मुद्दा बारीक वाटतो, पण ‘लोक झोपले’ या तक्रारीचे निम्मे उत्तर तिथेच असते. मोबाइल एका पेटीत ठेवून ठाण्यांना एकच संपर्क क्रमांक द्या, नाहीतर दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी दाराबाहेर जाऊन ‘जय हिंद सर’ करत असतो.

पहिला दिवस, सकाळ: बंदोबस्ताच्या सूचना

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, पूर्ण साडेतीन तास. उदाहरण आपल्याच हद्दीतले घ्या. अनंत चतुर्दशी, मासुंदा तलाव, गडकरी रंगायतनची बाजू आणि जांभळी नाक्याकडून येणारा रस्ता. एका पर्यवेक्षकाकडे दहा माणसे आणि चार पॉइंट. त्याला नकाशा आणि बंदोबस्ताचा आदेश द्या, तयारीला दहा मिनिटे द्या आणि मग पाच मिनिटांत सूचना द्यायला सांगा. घड्याळ लावूनच.

पाच मिनिटांत सहा गोष्टी आल्याच पाहिजेत. आपले काम काय. कोणाचा पॉइंट कुठून कुठपर्यंत. अडचण आली तर कोणाला सांगायचे, वॉकीटॉकीवर कोणत्या नावाने. गर्दी दाटली किंवा हुज्जत झाली तर पहिले पाऊल कोणते, आणि कोणते पाऊल आदेशाशिवाय टाकायचे नाही. रुग्णवाहिका कुठून जाईल. आणि जेवण, पाणी, स्वच्छतागृह, पाळी बदल कधी व कुठे. सहावी गोष्ट हटकून राहते. महिला अंमलदाराला बारा तास पॉइंटवर उभे करून स्वच्छतागृह कुठे हे न सांगणारा अधिकारी नियोजनात नापास आहे. बाकीची पाच कितीही छान सांगितली असोत.

सूचना झाल्यावर खरी परीक्षा. दहापैकी तिघांना बाजूच्या खोलीत नेऊन कोऱ्या कागदावर चार उत्तरे लिहायला सांगा: तुमचा पॉइंट कुठला, तुमचा अधिकारी कोण, पाळी कधी बदलणार, काय करायचे नाही. तिघांची उत्तरे जुळली नाहीत तर सूचना पोचल्या नाहीत. ऐकणाऱ्यांना दोष द्यायचा नाही. पर्यवेक्षकाने पुन्हा पाच मिनिटे घ्यायची. या दहा माणसांच्या जागी शक्य तर मुख्यालयातले खरे शिपाई आणि हवालदार बसवा. सहकारी अधिकारी समजूतदारपणे मान डोलावतात. शिपायाचा चेहरा सूचना कळली की नाही ते लगेच सांगतो.

इथे नेहमी तीन चुका होतात. पहिली, वेळेचा बहुतांश भाग मागच्या बंदोबस्ताच्या उखाळ्यापाखाळ्यांत आणि दमबाजीत जातो आणि कामाचे एका मिनिटात उरकले जाते. दुसरी, ‘सगळ्यांनी सतर्क राहायचे’ अशी वाक्ये. याने कोणीच काही वेगळे करत नाही. ‘दोरीच्या आत फक्त मूर्तीसोबतचे पाच जण, सहावा आला की मला कळवा’ असे सांगितले तर शिपाई ते पाळू शकतो. तिसरी, ‘कळले का?’ असे विचारून ‘हो सर’ ऐकून थांबणे. त्याऐवजी एकाला नावाने उठवून त्याचे काम त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. आणि कायम नवख्यालाच उठवू नका. तो अपमान समजतो आणि जुने लोक गाफील राहतात.

दुपार: ड्युटी वाटप

एका ठाण्याचे मागच्या ३० दिवसांचे ड्युटी रजिस्टर घ्या, नावांच्या जागी अ, आ, इ, ई घाला आणि प्रत्येक गटाला प्रत द्या. मोजायला लावा: कोणाच्या किती रात्रपाळ्या, किती बंदोबस्त, किती साप्ताहिक सुट्ट्या रद्द, त्यांपैकी किती नंतर भरून दिल्या. चाळीस मिनिटांत चित्र समोर येते. नाही न म्हणणारी चार-पाच माणसे सगळा भार वाहत असतात आणि काही नावे महिनाभर एकाही रात्री दिसत नाहीत. त्यामागे खरे कारणही असू शकते, आजारपण किंवा विशेष काम. पण कारण कुठे लिहिलेले नसते, आणि न लिहिलेल्या सवलतीला शिपाई वशिलाच म्हणतो.

मग सरावाचा आकडा द्या. कागदावर ६० अंमलदार. त्यांतून रजा, आजारी, समन्स-वॉरंट, कोर्ट पैरवी, मुद्देमाल, सीसीटीएनएस (गुन्ह्यांची संगणकीय नोंद), गोपनीय माहितीचे काम, गार्ड, प्रशिक्षण, बाहेरचा बंदोबस्त वजा करत या. उरलेल्या २०-२२ माणसांत आठवड्याच्या तिन्ही पाळ्या, डायल ११२ची (तातडीच्या मदतीची) गाडी आणि बीट मार्शल, म्हणजे हद्दीत गस्त घालणारे, बसवायचे. नियम दोनच: सलग सातपेक्षा जास्त रात्री नाहीत, आणि जी सुट्टी रद्द होईल तिची बदली तारीख त्याच ओळीत. गणित जुळत नाही, ते जुळणारही नाही. प्रश्न हा असतो की तूट कोणाच्या माथी मारली आणि ती त्याला आधी सांगितली का. देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला तेव्हा बहुतेकांना तो अशक्य वाटत होता. आठ तास द्यायचा अधिकार उपनिरीक्षकाकडे नाही, पण तुटीची समान वाटणी करणे आणि आठवड्याचा तक्ता दोन दिवस आधी भिंतीवर लावणे त्याच्या हातात आहे. आधी कळलेली रात्रपाळी माणूस निभावतो. संध्याकाळी सहाला फोनवर कळलेली कुरबूर करत निभावतो.

दुसरा दिवस, सकाळ: चूक दिसली तर काय करायचे

पर्यवेक्षक दोन टोके गाठतात. एक तर सगळे पोटात घालतात आणि एक दिवस अचानक कसुरी अहवाल पाठवतात. नाहीतर हजेरीत सर्वांसमोर फाडफाड बोलतात आणि कागदावर काहीच ठेवत नाहीत. दोन्हींतून शिस्त येत नाही. तीन पायऱ्या शिकवा. पहिल्यांदा उशीर, वेषात हयगय, नोंद राहणे यांसाठी एकट्याला बोलावून सांगणे आणि स्वतःच्या डायरीत तारीख टिपणे. पुन्हा तेच झाले तर लेखी समज. शस्त्र, कोठडी, मुद्देमाल, महिलांशी वर्तन, नशा यांत मात्र पहिल्याच वेळी अहवाल. तिथे समजावणीची पायरी नाही.

उपनिरीक्षकाला हे पक्के कळले पाहिजे की शिक्षा तो देत नाही, अहवाल देतो. शिक्षेचे अधिकार महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम २५ मध्ये आणि १९५६च्या शिक्षा व अपील नियमांत आहेत. त्याचा अहवाल पुढे चौकशीत टिकला पाहिजे. ‘सदर अंमलदार नेहमीच कामचुकारपणा करतात, त्यांच्यात सुधारणा नाही’ हे वाक्य टिकत नाही. टिकणारा मजकूर असा: अमुक तारखेला रात्री २.१० वाजता नाकाबंदी पॉइंट तपासला असता गैरहजर, सोबतच्या अंमलदाराने अमुक सांगितले, २.४० वाजता परत आले. विचारले असता अमुक खुलासा दिला. स्टेशन डायरीत नोंद अमुक क्रमांकाने. प्रत्येकाकडून असा एक अहवाल लिहून घ्या, अदलाबदल करा आणि दुसऱ्याला बचाव पक्ष व्हायला सांगा. ‘नेहमी’, ‘वारंवार’, ‘उद्धट’ या शब्दांवर लाल रेघ मारत गेले की काय उरते ते दिसते.

यातला एक प्रसंग प्रत्यक्ष करून घ्या. रात्री ११.३० ची हजेरी, एका हवालदाराच्या तोंडाला दारूचा वास, त्याची गार्ड ड्युटी आहे. बहुतेक जण आधी त्याच्याशी वाद घालतात. क्रम असा हवा: शस्त्र त्याच्या हाती जाणार नाही हे आधी पाहायचे, दिले असेल तर शांतपणे परत घ्यायचे. मग त्याला रांगेतून बाजूला खोलीत न्यायचे, सोबत एक जुना अंमलदार ठेवायचा. वरिष्ठ निरीक्षकांना फोन. वैद्यकीय तपासणीसाठी पाठवणे. गार्डला बदली माणूस. डायरी नोंद. त्याला समज देणे आज रात्रीच्या कामात बसतच नाही.

कसुरीसोबत बक्षिसाचा प्रस्तावही लिहायला लावा. ‘चांगली कामगिरी’ एवढे लिहिलेला प्रस्ताव वरून परत येतो आणि शिपाई समजतो की साहेबांनी पाठवलाच नाही.

दुपार: कोठडी आणि हात उगारलेला माणूस

हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि बऱ्याच वर्गांत तो ‘मानवाधिकार’ नावाच्या तासाभराच्या व्याख्यानात उरकला जातो. प्रसंग असा मांडा: रात्री दीड वाजता बीट मार्शल एका तरुणाला आणतात. मोबाइल चोरीचा संशय. जमावाने आधीच मारले आहे, ओठ फुटला आहे. तुमचा एक अंमलदार संतापून त्याच्या अंगावर जातो. तुम्ही दारात उभे आहात.

सराव चार कृतींचा. अंमलदाराला त्याच्या नावाने, एका वाक्यात थांबवणे. ‘अरे सोडा रे’ असे हवेत बोलून कोणी थांबत नाही. स्वतः दोघांच्या मध्ये उभे राहणे. त्या अंमलदाराला दुसरे काम देऊन खोलीबाहेर काढणे. आणि पुढची लेखी पावले सुरू करणे. ही वेळ जमली नाही की नंतरची सगळी कागदपत्रे सावरासावर ठरतात. इथे जुने अधिकारी हमखास म्हणतात की असे थांबवले तर डीबीची, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाची, माणसे नाराज होतात. खरे आहे, होतात. म्हणूनच त्या अंमलदाराशी नंतर, त्याच पाळीत, एकांतात पाच मिनिटे बोलण्याचाही सराव घ्यायचा.

लेखी पावले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार. आणताना अंगावर जखमा होत्या ही नोंद, वेळेसह, लगेच. अटक करायची की कलम ३५(३) ची नोटीस देऊन सोडायचे हा निर्णय कारणांसह लिहायचा. अटक केली तर कारणे सांगणे कलम ४७, नातेवाइकांना कळवणे कलम ४८, वैद्यकीय तपासणी कलम ५३, आणि २४ तासांची मर्यादा कलम ५८. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण कलम १०५. अटक आणि कोठडीबाबत डी. के. बसू खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालाच्या ११ सूचना भिंतीवर टांगलेल्या असतात, पण रात्रपाळीचा अधिकारी त्या यादीवर खूण करत जातो का हा प्रश्न आहे. यादीची छोटी प्रत करून प्रत्येकाच्या डायरीत चिकटवा. सीसीटीव्हीबद्दल एक गोष्ट ठासून सांगा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे मुद्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपायला सांगितले आहे. कॅमेरा बंद दिसला तर त्याच क्षणी डायरी नोंद आणि लेखी तक्रार. पाळी संपताना सुचलेली नोंद संशय वाढवते.

तपासावरच्या देखरेखीला स्वतंत्र तास लागत नाही, अर्धा पुरतो. दर सोमवारी हाताखालच्या तपासी अंमलदारांची प्रत्येकी दोन प्रकरणे पाहायची. आरोपी कोठडीत असेल तर दोषारोपपत्राची ६० किंवा ९० दिवसांची मर्यादा फळ्यावर लिहायची आणि ४०व्या व ७०व्या दिवशी विचारायचे. फिर्यादीला ९० दिवसांत तपासाची प्रगती कळवली का, हेही त्याच फळ्यावर. पर्यवेक्षकाने शेवटच्या आठवड्यात विचारले तर फक्त धावपळ होते.

बंदोबस्त उठल्यावरची बैठक वीस मिनिटांची. काय ठरले होते, काय घडले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय बदलायचे. सगळ्यात कनिष्ठ आधी बोलेल, अधिकारी शेवटी. या बैठकीत निघालेल्या कबुलीवरून कसुरी अहवाल करायचा नाही. एकदा केला की पुढच्या बैठकीत सगळे ‘सर्व सुरळीत’ म्हणतील. गंभीर गैरवर्तन उघड झाले तर मात्र ते बैठकीपासून वेगळे, आपल्या मार्गाने जाईल, हेही सुरुवातीलाच सांगायचे.

माणसे खचताना दिसतात का, हा विषय दुसऱ्या दिवशी शेवटी घ्या, तासभर. लक्षणे रोजच्या कामातलीच: एरवी वेळेवर येणारा वारंवार आजारी रजेवर, कर्जाच्या वसुलीवाल्यांचे फोन, वाढलेले पिणे, बोलणे बंद, निरवानिरवीची भाषा. अशा माणसाची शस्त्राची ड्युटी गाजावाजा न करता बदलायची, त्याच दिवशी एकट्याला विचारायचे, वरिष्ठांना आणि पोलीस वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचे. टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो हजेरीच्या फळ्यावर कायम लिहिलेला असावा. महिला सहकाऱ्याची लैंगिक छळाची तक्रार आली तर पर्यवेक्षकाने ‘समेट’ घडवायला बसायचे नाही. ती अंतर्गत समितीकडे जाते.

शिकवणारे कोण? बारा जणांमागे एक. ज्याच्या ठाण्यात बदलीसाठी लोक अर्ज करतात असा एखादा सेवेतला अधिकारी, आणि सोबत २५ वर्षे नोकरी झालेला एक हवालदार किंवा सहायक उपनिरीक्षक, सूचना आणि ड्युटी वाटप तपासायला. हवालदाराने अधिकाऱ्याचे परीक्षण करायचे म्हटल्यावर भुवया उंचावतात. पण सूचना त्याच्यासाठीच असतात. कसुरी अहवालाच्या सत्राला विभागीय चौकशांचा अनुभव असलेला कोणी तासभर मिळाला तर उत्तम. कंपन्यांत व्याख्याने देणारा वक्ता बोलावण्याचा मोह टाळा. लोक खूष होऊन जातात, अभिप्रायाचे फॉर्म छान भरून येतात आणि सोमवारची हजेरी होती तशीच राहते.

तिसरा दिवस, सहा आठवड्यांनी. प्रत्येकाने तीन कागद आणायचे: रात्रपाळ्यांची बेरीज असलेला एक ड्युटी तक्ता, एका बंदोबस्ताच्या सूचनांचे टिपण, आणि एक कसुरी अहवाल किंवा बक्षीस प्रस्ताव, नावे झाकून. शिवाय त्याच्या हाताखालच्या पाच अंमलदारांकडून बिननावाच्या चिठ्ठ्या: सूचना स्पष्ट मिळतात का, सुट्टी रद्द झाली तर बदली मिळते का, चूक सर्वांसमोर काढतात की एकट्यात, अडचण सांगता येते का. चिठ्ठ्या प्रशिक्षकाकडेच राहतील. त्या गोपनीय अहवालाला जोडल्या गेल्या की पुढच्या तुकडीपासून सगळ्या चिठ्ठ्यांत ‘अतिउत्तम’ असेल. आयुक्तालयाला आकडे हवे असतील तर परत आलेले कसुरी अहवाल, बदली न दिलेल्या सुट्ट्या आणि मुदत उलटलेली दोषारोपपत्रे द्या. गुन्हे उघडकीचा टक्का या वर्गाला लावू नका, त्यामागे इतर शंभर कारणे असतात.

आयुक्तालयाच्या पाच परिमंडळांचा पोत वेगळा आहे. भिवंडीतला गोदामांचा भाग, कल्याण-उल्हासनगरची दाट वस्ती, वागळे इस्टेट, घोडबंदरची वाहतूक. त्यामुळे पहिल्या दिवसाचा नकाशा आणि रजिस्टर तुकडीप्रमाणे बदला. बाकी आखणी तीच चालेल.

वर्गाच्या किमान आठवडाभर आधी संबंधित वरिष्ठ निरीक्षकांची दोन तासांची बैठक परिमंडळाच्या उपायुक्तांसमोर घ्या. नवा उपनिरीक्षक परत जाऊन तक्ता भिंतीवर लावतो आणि वरिष्ठ निरीक्षक त्याच संध्याकाळी फोनवर तो मोडतात, तेव्हा त्या ठाण्यापुरता वर्ग संपलेला असतो. बैठकीत तीनच गोष्टी मान्य करून घ्यायच्या: आठवड्याचा तक्ता बदलला तर कारण तक्त्यावर लिहायचे, बंदोबस्तानंतरच्या वीस मिनिटांत वरिष्ठ निरीक्षक शेवटी बोलतील, आणि सहा आठवडे या अधिकाऱ्याची अंतर्गत बदली होणार नाही. या तिन्हींवर सही झाल्याशिवाय पहिल्या तुकडीची तारीख काढू नका.